मला काहीच होत नाही

ही गोष्ट एकोणीसशे त्रेसष्ट सालची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी आईने माझ्यासाठी जाड लोकरीचा कोट शिवायला घेतला आणि एकच बाही लावून खुंटीला टांगून ठेवला. दुसरी बाही कापून तयार होती, पण आई ती लावेना.

"आधी निकाल लागू दे," ती म्हणायची. "नाहीतर एवढा कोट चढवून तिकिटं फाडायला बसशील का?"

तिकिटांचं असं होतं. माझे बाबा नगरपालिकेच्या बंदिस्त तलावावर पोहणं शिकवायचे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. तलावाच्या दाराशी तिकीटखिडकी होती. तिथल्या बाई त्या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि ती खुर्ची बाबांनी माझ्यासाठी सांगून ठेवली होती. खिडकी इतकी बुटकी की आत बसलेल्याला बाहेरच्या माणसाचं पोट आणि दोन हात एवढंच दिसायचं. एकविसाव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत लोकांची पोटं बघत बसायचं, हे मला नको होतं.

मला हवं होतं आभाळ. तलावाच्या पाण्याचं तापमान मोजायचा एक थर्मामीटर, त्याची लाकडी पट्टी तुटली म्हणून बाबांनी कधीतरी घरी आणला होता. पंधराव्या वर्षी मी तो गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधला आणि तेव्हापासून रोज सकाळी सात आणि दुपारी दोन वाजताचं तापमान वहीत लिहीत आले. सहा वह्या भरल्या होत्या. आई म्हणायची, "हिचं लग्न त्या थर्मामीटरशीच लावून द्या. निदान नवऱ्याचा ताप तरी रोज कळेल."

त्या वर्षी हवामान खात्याने सव्वाचार हजार मीटर उंचीवर नवीन ठाणं उघडलं. दोन निरीक्षक हवे होते. एक जागा भरली गेली. दुसरीसाठी लेखी परीक्षेतून दोघे उरलो, एक मी आणि दुसरा सुसर.

सुसर हा बाबांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. तलावाच्या तळाशी तो तीन मिनिटं नुसता पडून राहायचा, आणि वर आला की चेहरा असा, जणू पेपर वाचून उठलाय. मला बाबा बेडकी म्हणायचे. मी तळाशी एक मिनिट पन्नास सेकंद राहायची. आमच्या घरात हा मोठाच कमीपणा होता.

आमच्या घरातल्या श्वासाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो आणि बाबांच्या राज्यात जिना तोंड मिटून चढायचा असा नियम होता. चार आकडे मोजत श्वास आत, चार आकडे धरायचा, आठ आकडे मोजत बाहेर. धाप लागली तरी ती दाखवायची नाही. "धापा टाकायला आपण काय कुत्री आहोत?" बाबा विचारायचे. वरच्या पायरीवर उभं राहून ते माझ्या नाकपुड्या बघायचे. आई मात्र भाजीची पिशवी घेऊन सरळ तोंड उघडं टाकून फाफू करत यायची आणि आल्या आल्या बोलायला लागायची. तिला नियम लागू नव्हता, कारण तो तिला सांगायची बाबांची हिंमत नव्हती.

दोघांचं भांडण झालं की बाबा उत्तरच द्यायचे नाहीत. ते श्वास धरायचे. हाताची घडी, गाल किंचित फुगलेले, नजर घड्याळावर. आई म्हणायची, "धरा, धरा! बघू या किती वेळ धरताय. मी इथेच आहे." आणि ती न थांबता बोलत राहायची. अडीच मिनिटांनी बाबांना तोंड उघडावंच लागायचं, आणि तोंड उघडलं की पहिला शब्द निघायचा, "बरं."

तर आम्हा दोघांचीही एक शेवटची परीक्षा बाकी होती. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरात लोखंडाची मोठी टाकी होती, एखाद्या खोलीएवढी. तिला गोल काचेच्या खिडक्या. आत माणसाला बसवायचं, दार घट्ट लावायचं आणि पंपाने आतली हवा विरळ करत न्यायची. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवा जेवढी विरळ असते तेवढी झाली की अर्धा तास तिथे बसून गणितं सोडवायची. ठाणं त्याहून खाली होतं, पण तिथे काम करायचं तर शरीराला वरची ओळख हवी, असं खात्याचं म्हणणं. कानाला एक चिमटा लावत. रक्तात प्राणवायू किती आहे ते बाहेरच्या सुईवर दिसे. सुई सत्तरच्या खाली जाता कामा नये, आणि कागदावर तीनपेक्षा जास्त चुका नकोत. प्रत्येकाला दोन संधी, मध्ये आठ दिवस.

टाकी चालवणाऱ्याला सगळे पंपकाका म्हणायचे. तेलकट निळा डगला, कानात कापूस. पहिल्या दिवशी दार लावताना ते मला म्हणाले, "बस निवांत. बसल्या जागी डोंगर चढवतो. बूटसुद्धा झिजायचे नाहीत."

परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी एकच सूचना दिली, "श्वास नेहमीसारखा घ्यायचा."

माझा नेहमीचा श्वास कुठला? बाबांचा! आदल्या आठवड्यात त्यांनी माझी कसून तयारी करून घेतली होती. "हवा कमी आहे ना? मग कमी हवेत भागवायला शिक. जो धापा टाकेल तो गेला. सुसरीकडे बघ." मी टाकीत बसले. माझ्याबरोबर तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावलेली एक परिचारिका होती. पंप धडधडू लागला, कानात दडे बसले, आणि मी मोजायला सुरुवात केली. चार आत, चार धर, आठ बाहेर.

थोड्या वेळाने छातीत काहीतरी ढुशा द्यायला लागलं. घे, घे, अजून घे. मी त्याला दटावलं. मग हळूहळू फार छान वाटायला लागलं. इतकं छान की मला वाटलं, मी या नोकरीसाठीच जन्माला आले आहे. पंपाच्या धडधडीत सूर ऐकू यायला लागला. परिचारिकेचे डोळे मला अतिशय प्रेमळ वाटले. शंभरातून सात सात वजा करत जायचं होतं, ते मी लीलया करत होते. सुई पासष्टच्या खाली गेली तेव्हा परिचारिकेने आपला मुखवटा काढून माझ्या तोंडावर दाबला. दोन श्वासांत टाकी पुन्हा टाकी झाली आणि परिचारिका नुसतीच परिचारिका.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझा कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर लिहिलं होतं: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, बहात्तर, बहात्तर, बहात्तर. आणि त्याखाली वळणदार अक्षरात: बहात्तर हा फार सुंदर आकडा आहे.

"हे मी लिहिलं?"

"मी तर बाहेर होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता सांग, तू श्वास मोजत होतीस का?"

मी मान डोलावली.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"बाबांनी."

"ते कोण आहेत?"

"शिट्टीमास्तर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे तो सुसरही त्यांचाच. सकाळी आला होता. सुई एकसष्टवर, आणि पोरगा माझ्या पंपाला टाळ्या देतोय! बस इथे."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते पुढे आयुष्यभर मी पुष्कळ लोकांना सांगितलं आहे.

"आपल्या शरीरात श्वासावर दोन पहारेकरी असतात," त्या म्हणाल्या. "एक मेंदूत. तो मोठा आणि सारखा जागा. त्याचं लक्ष फक्त वापरलेल्या हवेवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर. ती साठली की हा ओरडतो. पाण्याखाली जीव कासावीस होतो तो याच्या ओरडण्याने. प्राणवायू कमी पडतोय की नाही, हे हा बघतच नाही."

"मग कोण बघतं?"

त्यांनी माझ्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे नाडी लागते तिथे बोटं टेकवली. "इथे. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथे दोन्हीकडे तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते. ती येणाऱ्या रक्ताची चव घेते. प्राणवायू कमी झाला की मेंदूला कळवते, भात्याला जोर लाव. उंचावर फक्त हिचाच भरवसा. पण गंमत अशी, की हिचं ऐकून आपण जोरजोरात श्वास घ्यायला लागलो की वापरलेली हवा भराभर निघून जाते. मग मेंदूतला म्हणतो, अहो, पुरे, पुरे, इथे सगळं ठीक आहे."

"म्हणजे भांडण?"

"अगदी जावा-जावांचं. एक म्हणते घे, दुसरी म्हणते पुरे. उंचावर पहिले काही दिवस हे असंच चालतं. मग मूत्रपिंडं मध्ये पडतात, रक्तातला क्षार थोडा बाहेर टाकतात, आणि मोठ्या जाऊबाईंची समजूत पटते. पण तू काय केलंस? बिचारी धाकटी जीव तोडून सांगत होती, तिच्या तोंडावर हात ठेवलास."

छातीत ढुशा देणारं ते काय होतं, ते मला कळलं. धाप लागणं हा आमच्या घरात गुन्हा होता आणि इथे तीच माझी नोकरी वाचवणार होती.

घरी येऊन हे सगळं सांगितलं. आई शिवणयंत्रावर होती. तिचा पाय थांबला.

बाबा म्हणाले, "चूक. तू आकडे नीट धरले नाहीस. चारऐवजी सहा धर. उद्यापासून बादलीत तोंड घालून सराव."

"बाबा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्या पाण्यात उतरल्या आहेत का कधी? मी एकतीस वर्षं माणसांचे श्वास बघतोय. मानेत तांदूळ म्हणे!"

"अहो, पण ती शिकलेली बाई आहे," आई म्हणाली.

बाबांनी हाताची घडी घातली आणि श्वास धरला.

पुढचे तीन दिवस मी सकाळी बादलीत तोंड घालत होते आणि दुपारी जिन्यावर कोणी नाही असं बघून धाप टाकायचा सराव करत होते. तुम्हाला हसू येईल, पण मला ते जमेना. चौथ्या मजल्यावर पोचले की छाती भरून यायची आणि तोंड आपोआप मिटायचं. इतक्या वर्षांची सवय. उघड्या तोंडाने धापा टाकणं म्हणजे कपडे काढून रस्त्यात उभं राहण्यासारखं वाटायचं. खुंटीवरचा एका बाहीचा कोट येता-जाता मला बघत होता. पाच दिवस उरले होते.

शेवटी आईनेच गाठ सोडवली. चौथ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी काय म्हणते, तुम्हीच बसून या ना त्या टाकीत. एकतीस वर्षांचा अनुभव आहे. त्या बाईला दाखवून द्या एकदा."

बाबांचा घास हातातच राहिला. "बसेन की! मला काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तळघरात हजर. बाबांनी इस्त्रीचा पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि गळ्यात शिट्टी असा पोशाख केला होता. सुसरही आला होता, गुरुजींचा पराक्रम बघायला.

डॉक्टरीणबाईंनी बाबांना तपासलं आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचं हृदय उत्तम आहे. बसा. एकच करायचं, दर मिनिटाला कसं वाटतंय ते कागदावर लिहायचं."

"एकदाच लिहितो की. उगाच कागद कशाला वाया घालवायचा?"

"सरकारी कागद आहे. घाला."

पंपकाकांनी दार लावलं. आम्ही सगळे गोल खिडकीला डोळे लावून उभे. बाबा ताठ बसले होते. चार आत, चार धर, आठ बाहेर. खिडकीतूनही मोजता येत होतं. सुई ऐंशीवरून पंचाहत्तर, सत्तर, सहासष्ट. बाबांचे ओठ जांभळट दिसायला लागले, पण चेहऱ्यावर मात्र एक गोड हसू पसरत गेलं. मी जन्मात त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते हो," आई म्हणाली.

बाबा लिहीत होते. भराभर लिहीत होते. कागद संपला, तरी हात थांबेना. पेन्सिल टेबलावर उतरली, टेबलाच्या कडेवरून खाली आली आणि पांढऱ्या पायजम्यावर चालू लागली. सुई बासष्टवर होती. परिचारिकेने मुखवटा हातात घेतला, पण डॉक्टरीणबाईंनी तिला थांबायची खूण केली आणि त्या ध्वनिक्षेपकात बोलल्या, "मास्तर, कोणी बघत नसताना जिना चढता ना, तसा श्वास घ्या आता."

आत बाबा दचकले. त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"अहो, घ्या की!" आई ओरडली. "माहितेय मला! मी भाजीला गेलेली असताना तुम्ही तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून फाफू करता. खालच्या वहिनींनी सांगितलंय!"

हे सगळं आत ऐकू गेलं, कारण डॉक्टरीणबाईंनी ध्वनिक्षेपक आईच्या तोंडापुढे धरला होता. बाबांनी एक क्षण हाताची घडी घालायचा प्रयत्न केला. मग त्यांचं तोंड उघडलं, छाती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. भाता सुरू झाला. सुई अडखळत चढायला लागली. सहासष्ट. एकाहत्तर. पंचाहत्तर. ओठांचा जांभळा रंग ओसरला, हसू मावळलं, आणि बाबांनी मान खाली घालून आपल्या पायजम्याकडे पाहिलं.

कागदावर, टेबलावर आणि गुडघ्यापर्यंत एकच वाक्य होतं. मला काहीच होत नाही. मला काहीच होत नाही. मला काहीच होत नाही. पहिल्या ओळीतलं अक्षर मोत्यासारखं, आणि गुडघ्यावरचं असं की जणू कोंबडी नाचून गेली आहे.

बाहेर आल्यावर कोणी हसलं नाही. निदान पहिली पाच सेकंदं तरी. मग पंपकाकांना खोकला आला आणि आम्ही सगळेच फुटलो. बाबा सोडून.

ते डॉक्टरीणबाईंपुढे बसले. "मला खरंच वाटत होतं की सगळं ठीक आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"तेच तर वाईट आहे मास्तर. प्राणवायू कमी पडला की माणसाला दुखत नाही. मजा वाटते. तलावात तुमची मुलं बुडी मारण्याआधी काय करतात?"

"वीस दीर्घ श्वास. भराभर. भिंतीवर पाटीच आहे. मीच लावली आहे."

"का?"

"छातीत हवा साठावी म्हणून."

"हवा फारशी साठत नाही. वापरलेली तेवढी निघून जाते. म्हणजे मोठा पहारेकरी झोपतो आणि ओरडायला कोणी उरत नाही. मग प्राणवायू संपतो, आणि पोरगं तळाशी निमूटपणे बेशुद्ध होतं. कासावीस न होता."

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी सुसरीकडे पाहिलं, सुसरीने त्यांच्याकडे. सहा वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, सुसर तळाशी हसऱ्या चेहऱ्याने पडून राहिला होता आणि बाबांनी त्याला बखोटीला धरून वर ओढलं होतं. पाच मिनिटं पालथं घालून पाठ रगडल्यावर त्याने डोळे उघडले. बाबा ही गोष्ट सगळ्यांना कौतुकाने सांगायचे: "पाण्यात झोपला पठ्ठ्या! एवढी सवय!"

आता ते उठले. घरी न येता तडक तलावावर गेले. संध्याकाळी मी बघायला गेले तर स्वतः शिडीवर चढून ती पाटी खरवडत होते. खाली पाण्यात मुलं गोळा झाली होती. मला बघून बाबा म्हणाले, "बेडके, शिडी धर." तेवढंच. शिडीवरून उतरले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि त्यांनी ती लपवली नाही.

दुसरी संधी तीन दिवसांनी होती. आधी सुसर बसला. त्याने या वेळी काही मोजलं नाही, नुसता बसला. पण त्याचा श्वास वाढेचना. सुई आपली चौसष्टवर आली आणि तो पुन्हा पंपाला टाळ्या द्यायला लागला. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही रे. कोणाचे कान तिखट असतात, कोणाचे मंद, तसं हे. तुझ्या मानेतला तांदूळ जरा झोपाळू आहे."

"झोपाळू?"

"घोरतोय."

सुसर मान चोळत हसला. "म्हणूनच मी तळाशी सुखी असतो तर." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जा बेडके. जागा अजून शिल्लक आहे. गुरुजींची शपथ, आता तरी ओरडू दे तुझ्या धाकटीला."

मी आत बसले. पंप धडधडू लागला. त्र्याण्णव. शहाऐंशी. छातीत ढुशा सुरू झाल्या. घे, घे, घे. मला घ्यायचा होता, अगदी मनापासून घ्यायचा होता. पण परिचारिका बघत होती, खिडकीतून सगळे बघत होते, आणि माझं तोंड आपोआप मिटलं. चार आत. चार धर. एकोणऐंशी लिहिलं. पंपाच्या धडधडीत सूर यायला लागला. परिचारिकेचे डोळे मला प्रेमळ वाटू लागले, आणि तेव्हा मी घाबरले. पुढचा आकडा बहात्तर होता.

मी खिडकीकडे पाहिलं. गोल काचेत बाबांचा चेहरा होता, काचेला नाक चिकटवलेला. त्यांना बोलायची मनाई होती. ते धापा टाकत होते. तोंड आ वासून, जीभ बाहेर, खांदे वरखाली, भर उन्हातून धावत आलेल्या कुत्र्यासारखे. काच त्यांच्या श्वासाने धुरकट व्हायची, ते बाहीने पुसायचे आणि पुन्हा धापा टाकायचे. मागे आई हसून हसून भिंतीला टेकली होती. डॉक्टरीणबाई सुईकडे बघत होत्या आणि बाबांना थांबवत नव्हत्या.

मला हसू फुटलं. हसायला तोंड उघडलं, आणि एकदा उघडलं ते मिटलं नाही. भाता सुरू झाला. हा हा हा हा. केवढा आवाज होता तो! लाज नाही, मोजणी नाही. मी आणि बाबा, काचेच्या दोन बाजूंना, दोन कुत्री.

बहात्तर, लिहिलं. आकडा अगदी साधा होता. पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन. सुई शहात्तरवर होती. एकही चूक नव्हती.

त्याच संध्याकाळी आईने दुसरी बाही लावली.

पुढे काय झालं ते सांगून टाकते.

मी त्या ठाण्यावर एकोणीस वर्षं काढली. पहिल्या आठवड्यात जावा-जावांचं भांडण अगदी सांगितल्याप्रमाणे झालं, आणि मग मूत्रपिंडांनी ते मिटवलं. सकाळी सात आणि दुपारी दोन, एकही नोंद चुकली नाही. सुतळीने बांधलेला तो तुटका थर्मामीटर मी तिथेही नेला होता. खात्याच्या थर्मामीटरपेक्षा तो अर्धा अंश जास्त दाखवायचा.

पंपकाका निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे टाकी भंगारात गेली. तिची एक गोल खिडकी त्यांनी मागून घेतली आणि घराच्या दाराला बसवली. त्यातून कोण आलंय ते बघून मगच दार उघडायचे.

डॉक्टरीणबाईंनी विरळ हवेतल्या श्वासावर मोठा निबंध लिहिला. त्यात एका तक्त्यात सत्ताविसावा माणूस म्हणून बाबा आहेत: पुरुष, वय बावन्न, व्यवसाय पोहणे शिकवणे, सुई बासष्टवरून पंचाहत्तर. ते पान बाबांनी काचेत बसवून भिंतीवर लावलं होतं. बाईंच्या चष्म्याच्या काडीला मात्र शेवटपर्यंत दोराच राहिला. त्या गेल्या तेव्हा मी डोंगरावर होते, मला पत्राने कळलं.

सुसर बाबांच्या जागी शिट्टीमास्तर झाला. पस्तीस वर्षांत त्याच्या तलावात एकही पोर तळाशी झोपलं नाही. तिकीटखिडकी त्याने माणसाच्या डोक्याएवढी उंच करून घेतली. आत बसणाऱ्या बाईला माणसांचे चेहरे दिसायला हवेत, म्हणाला.

बाबा आणि आई एकदा ठाण्यावर आले. बाबा तेव्हा एकसष्ट वर्षांचे. दारात पोचले तेव्हा भाता जोरात चालला होता. कठडा धरून ते मनसोक्त धापा टाकत उभे राहिले. आई त्या हवेतही बोलतच होती, फक्त एका वाक्याचे चार तुकडे करून. बाबांनी तिला म्हटलं, "अगं, जरा श्वास घे." ती म्हणाली, "तुम्ही... धरा की... आता..." आणि दोघं इतकी हसली की मला त्यांना आत नेऊन बसवावं लागलं. बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते, आई सतरा. तो पायजमा आईने कधीच धुतला नाही. कपाटात जपून ठेवला होता, आणि भांडण झालं की नुसतं कपाट उघडायची.

पायजमा आता माझ्याकडे आहे. कोटही आहे, त्याची दुसरी बाही घाईत लावल्यामुळे पहिलीपेक्षा बोटभर आखूड आहे. मी त्र्याऐंशी वर्षांची झाले आणि अजून चौथ्या मजल्यावरच राहते. जिना चढताना असा काही भाता चालवते की खालच्या मजल्यावरची मुलं दार उघडून बघतात. "आजी, काय होतंय?" विचारतात.

मी त्यांना सांगते, "मला होतंय, रे बाळांनो. व्यवस्थित होतंय." आणि पुढची पायरी चढते.